फ्यूज काढूनही उतरणारी बॅटरी: एका जुन्या गाडीचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. गाडी रोज चालवली तर काही त्रास नाही, तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टक् करतो आणि इंजिन फिरत नाही. गाडी १९६० च्या दशकातली, ब्रिटिश बनावटीची, चार दारांची. १२ व्होल्टची यंत्रणा, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं), बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटरच्या जागी डायनामो, त्याचं चार्जिंग सांभाळणारी दोन बॉबिनांची (कॉइलींची) लुकास रेग्युलेटर पेटी आणि फ्यूजबॉक्समध्ये मोजून दोन फ्यूज. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. ती आधीच दोनदा बदलून झाली होती. डायनामोला नवे ब्रश बसले होते. मागच्या दिव्यांकडे जाणारी वायरिंगची जुडी ‘शॉर्ट आहे’ म्हणून अर्धी उघडून पुन्हा टेप मारून ठेवलेली होती. एवढं करूनही तीन दिवसांचा हिशेब चुकत नव्हता.

अशा गाडीत गळती शोधणं खरं तर सोपं असायला हवं. कॉम्प्युटर नाही, रिमोट लॉक नाही, झोपी जायला वेळ घेणारं काहीच नाही. चावी बंद आणि दारं बंद असली की घड्याळ सोडून कशालाही करंट लागत नाही. आजच्या गाडीत ३० ते ५० मिलिअँपिअर हा नेहमीचा खर्च मानतात, इथे तेवढासुद्धा संशयास्पद. अडचण वेगळीच आहे. एकेक फ्यूज काढत मीटरवर नजर ठेवायची ही आजची सर्वमान्य पद्धत या गाडीत अर्धवट पडते. दोन फ्यूजांपैकी एकामागे हॉर्न, आतला दिवा अशी कायम चालू असणारी मंडळी, दुसऱ्यामागे चावी चालू केल्यावर चालणारी. हेडलाइट, साइडलाइट, इग्निशन आणि डायनामो यांच्या वाटेत फ्यूज नाहीच. म्हणजे सगळ्यात जास्त करंट वाहणारा भाग या तपासणीतून सरळ निसटतो, आणि ‘फ्यूज काढले तरी फरक नाही, म्हणजे बॅटरीच खराब’ असा निष्कर्ष निघतो. इथे तो दोनदा निघाला होता.

म्हणून आधी बॅटरीचा निकाल लावला. पूर्ण चार्ज करून, गाडीतून बाहेर काढून रात्रभर ठेवल्यावर १२.६८ व्होल्ट. तशीच बाहेर चार दिवस ठेवल्यावर १२.६५. सेल्फ मारताना टोकांवर १०.४ व्होल्ट टिकत होते. अशा वेळी आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीकडे बोट दाखवावं, वर राहिला तर तिला सोडून द्यावं. मात्र बॅटरीच्या डोक्यावर आम्लाचा ओलसर थर होता. मीटरचं एक टोक निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं प्लास्टिकच्या झाकणावर टेकवलं की चक्क दोन व्होल्टच्या वर आकडा दिसत होता. अशा थरातून जाणारा करंट किरकोळ असतो, पण तो राहू दिला तर पुढच्या बारीक मोजमापात घोळ होतो. अर्धा लिटर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसून घेतलं. सेलची झाकणं आधी घट्ट करायची, कारण सोड्याचं पाणी आत गेलं तर तेवढं आम्ल वाया जातं.

मीटर जोडताना

करंट मोजायला मीटर अर्थच्या बाजूला, म्हणजे या गाडीत बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशी जोडला. इथे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. सरळ मीटर मात्र लावायचा नाही. आधी मीटरच्या जागी २१ वॅटचा टेस्ट लॅम्प. तो लख्ख पेटला तर कुठेतरी थेट शॉर्ट आहे आणि मीटर लावला तर त्याचा फ्यूज उडेल. इथे लॅम्प अजिबात पेटला नाही, म्हणजे गळती दीड-दोन अँपिअरच्या बरीच खाली. मग १० अँपिअरच्या रेंजवर मीटर, बॉनेट उघडं, चारही दारं बंद. तारेभोवती चिमट्यासारखा अडकवायचा क्लॅम्प मीटर वापरायचा मोह होतो, पण घरगुती वापरातले मोठ्या रेंजचे क्लॅम्प ०.१ अँपिअरच्या खाली भरवशाचे नसतात. नुसते फिरवले तरी आकडा सरकतो.

मीटरने पहिल्यांदा ०.१९ अँपिअर दाखवले. तिथेच थांबलं असतं तर पुढचा सगळा हिशेब चुकला असता. ०.१९ म्हणजे दिवसाला साडेचार अँपिअर-तास, तीन दिवसांत साडेतेरा. ४५ च्या बॅटरीतून एवढं गेलं तरी सेल्फ फिरायला हवा. तक्रार आणि आकडा जुळत नसेल तर शोधाला निघू नये, आकडाच पुन्हा पाहावा. मीटर तसाच राहू दिला. पाच मिनिटांनी ०.२४, वीस मिनिटांनी ०.३३, आणि मग तिथे स्थिर. आता दिवसाला जवळपास आठ अँपिअर-तास, तीन दिवसांत चोवीस. बॅटरी निम्म्याच्या खाली जाते आणि थंड इंजिन फिरवायला उरत नाही. जुळलं.

शिवाय आकडा हळूहळू चढला, हा स्वतंत्र पुरावा होता. पेटत्या बल्बचा करंट असा चढत नाही, घासलेल्या तारेचाही सहसा नाही. तापल्यावर जास्त वाहू देणारी वस्तू म्हणजे कार्बन, म्हणजे कुठेतरी जळून काळं झालेलं इन्सुलेशन. पूर्वीच्या तपासणीत हे निसटलं असावं, कारण बॅटरीची केबल काढली की ती जागा थंड होते आणि केबल परत जोडून लगेच मोजलं तर दोष अर्धाच दिसतो. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीला मीटरच्या समांतर एक जाड जंपर (जोडतार) आधी लावायचा, मग तार काढायची किंवा जोडायची, आणि जंपर काढून वाचन घ्यायचं. अशाने गाडीचा पुरवठा तुटत नाही.

दोन फ्यूजपासून ए-१ पर्यंत

कायम चालू फ्यूज काढला: ०.३३ वरून ०.३२. तो एक शतांश अँपिअर डॅशबोर्डाखाली नंतर बसवलेल्या मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा. त्याच फ्यूजवर स्वतः चावी भरून घेणारं घड्याळ होतं. दर दोनेक मिनिटांनी त्याची कॉइल क्षणभर झटका घेते. डिजिटल मीटरवर हा झटका धड दिसतही नाही, काट्याच्या मीटरवर काटा उडताना दिसतो. सरासरी खर्च नगण्य. घड्याळाचं वेगळं दुखणं आहे, त्यावर शेवटी येतो. दुसरा फ्यूज काढून काही फरक नाही, चावी बंद असताना तो पडायचाही नव्हता.

उरलेले ०.३२ फ्यूजच्या आधीच्या वाटेवर. म्हणजे गाठायची ती रेग्युलेटर पेटी.

तिच्यावर पाच टोकं असतात: डायनामोकडून येणाऱ्या डी आणि एफ, अर्थची ई, बॅटरीकडची तपकिरी तार बसते ती ए, आणि दिवे-इग्निशनकडे जाणारी तपकिरी-निळी तार बसते ती ए-१. इथे एक नेहमीचा घोटाळा. फ्यूजबॉक्सवरही ए-१ नावाचं टोक असतं आणि त्याचा या ए-१ शी संबंध नाही, त्याला तपकिरी तार थेट पेटीच्या ए वरून येते. फोनवर कुणाला ‘ए-१ काढ’ सांगितलं तर तो हमखास दुसरंच काढतो.

पहिला संशय कट-आउटवर, म्हणजे पेटीतल्या डायनामो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर, आणि तो रास्त. कट-आउटचे पॉइंट (एकमेकांना टेकणारी संपर्काची टोकं) इंजिन बंद झाल्यावर उघडायला हवेत. साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला ते मिटतात आणि व्होल्टेज ८.५ ते ११ च्या दरम्यान उतरलं की उघडतात. ते चिकटले तर बॅटरी डायनामोला मोटरसारखं फिरवायला बघते, बेल्ट त्याला फिरू देत नाही, आणि करंट शतांशांत नाही, कित्येक अँपिअरमध्ये जातो. तारा तापतात, वास येतो. ०.३२ हा आकडा त्या दोषाचा नव्हे. तरी डी आणि एफ दोन्ही तारा काढून खात्री केली: वाचन जागचं हललं नाही. नव्या ब्रशांवर झालेला खर्च तेवढ्यापुरता फुकट गेला.

पेटीच्या ए-१ वरून तपकिरी-निळी तार काढल्याबरोबर मीटर शून्यावर आला. म्हणजे गळती या तारेच्या पुढे. तार परत जोडून डॅशबोर्डामागे गेलो की ती आधी लाइटच्या स्विचवर येते आणि तिथून दुसऱ्या तुकड्याने इग्निशन स्विचकडे जाते. इग्निशनचा तुकडा सुटा केला, फरक नाही. लाइट स्विचच्या तीन टोकांपैकी हेडलाइटकडची निळी तार काढली, फरक नाही. साइडलाइटकडची लाल तार काढली, आकडा पुन्हा शून्य.

दिवा विझलेला, करंट चालू

याच ठिकाणी पूर्वीचा तपास भरकटला होता. लाल तार काढल्यावर गळती थांबते, म्हणून दोष लाल तारेच्या पुढे, असं वाटणं स्वाभाविक आहे. लाल तार आणि बॉडी यांच्यात ओहममीटर लावला तर अर्ध्या ओहमच्या आसपास दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं, हा घ्या शॉर्ट. मागची जुडी उघडली गेली ती यातूनच.

पण अर्धा ओहम हेच तिथलं बरोबर उत्तर आहे. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचा एक, असे ६ वॅटचे पाच बल्ब समांतर जोडलेले. पेटलेला ६ वॅटचा बल्ब २४ ओहमचा असतो, थंड फिलामेंट त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे अडीच ओहमच्या आत. असे पाच समांतर आले की अर्धा ओहम उरतो. विझलेले दिवे म्हणजे बॉडीशी बांधलेली जवळपास नुसती तारच.

आणि म्हणूनच दिवे पेटले नाहीत. ०.३१ अँपिअर पाच जणांत वाटले की एकेकाच्या वाट्याला ०.०६, पेटायला लागतात ०.५. अंधारातही फिलामेंट लाल दिसत नाही. लाल तारेवर व्होल्टमीटर लावला तर जेमतेम ०.१५ व्होल्ट, म्हणजे तार ‘मेलेली’. एक बल्ब काढा, गळती जवळजवळ तेवढीच, कारण सगळा अडथळा दुसरीकडे आहे आणि उरलेले चार बल्ब वाट द्यायला पुरेसे आहेत. दोन काढा, तीन काढा, तेच. पाचवा निघाला की एकदम शून्य, आणि बिचारा शेवटचा होल्डर गुन्हेगार ठरतो. इथे नंबरप्लेटचा होल्डर नवा होता, तो का बदलला गेला हे यावरून उघड आहे.

खरा प्रश्न एकच विचारायचा: स्विच बंद असताना लाल तारेला करंट मिळतोच कुठून? लाल तार काढून स्विचच्या मोकळ्या टोकावर मोजलं. व्होल्टमीटरने १२.५ दाखवले. त्याच टोकावरून बॉडीला २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावला तर तो पेटेना आणि मीटर पाव व्होल्टच्या आसपास कोसळला. ५ वॅटचा लावला तर मंद लालसर उजेड आला. स्विचच्या आतून साधारण ४० ओहमची चोरवाट होती. ४० ओहमवर ०.३१ अँपिअर म्हणजे पावणेचार वॅट उष्णता. डॅशबोर्डाखालून हात घालून स्विचच्या पाठीला बोट लावलं तर तो कोमट लागत होता, गाडी आदल्या दिवसापासून बंद असताना. शेजारचा इग्निशन स्विच गार.

स्विच बाहेर काढून उघडला. पितळी पत्ती ज्या पॅक्सोलिनच्या (राळेत घट्ट केलेल्या कागदाच्या, वीज न वाहणाऱ्या) चकतीवर सरकते, तिच्यावर पुरवठ्याच्या रिव्हेटपासून साइडलाइटच्या रिव्हेटपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी, चकाकणारी रेघ होती. रिव्हेटभोवती चकती तपकिरी होऊन फुगलेली, रिव्हेट नखाने हलत होता. सभोवती जुनं घट्ट ग्रीस आणि त्यात मिसळलेली पितळेची पूड. बाहेर काढून गार झाल्यावर ओहममीटरने दोन टोकांत ४० नव्हे, ७० च्या वर दाखवले. अशा जळलेल्या वाटेची परीक्षा ओहममीटरच्या किरकोळ व्होल्टेजवर करू नये. १२ व्होल्ट देऊन मिलिअँपिअर मोजावेत आणि वीस मिनिटं थांबावं.

कारण आणि दुरुस्ती

ही चकती अशी का जळली याचं उत्तर पुढच्या हेडलाइटमध्ये होतं. मूळचे ४२/३६ वॅटचे बल्ब काढून ६०/५५ वॅटचे हॅलोजन बसवले होते, वायरिंग मूळचीच. आधी अपरवर दोन्ही मिळून सात अँपिअर जायचे, आता दहा. त्यात साइडलाइटचे अडीच. एकूण साडेबारा अँपिअर एका जुन्या सैल रिव्हेटमधून आणि दमलेल्या स्प्रिंगच्या पत्तीवरून, मध्ये रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) नाही. रिव्हेट तापतो, चकती सुकते, रिव्हेट आणखी सैल होतो, स्विच फिरवताना ठिणगी जरा मोठी पडते. प्रत्येक ठिणगी थोडा कार्बन सोडते. एक दिवस दोन रिव्हेटांमधली वाट पूर्ण होते. त्यानंतर दिवे लावायचीही गरज नाही, बंद गाडीत ती वाट स्वतःला तापवत राहते.

बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवून विषय संपवावा, असा सल्ला या टप्प्यावर मिळतोच. इथे तो घेऊ नये. कापडी वेणीच्या तारांच्या घोळक्यात, फ्यूज नसलेल्या वाटेवर जळकी चकती तशीच राहते आणि गाडी चालू असताना कट-ऑफ काही करत नाही. बॅटरी उतरणं ही त्यातली लहान तक्रार होती.

चकती घासून साफ करण्यात अर्थ नसतो. कार्बन आत उतरलेला असतो आणि थोड्या दमट हवेत वाट पुन्हा धरतो. तयार स्विच मिळत असेल तर तो बसवणं सगळ्यात सरळ. इथे मूळचा नॉब आणि खटका ठेवायचा होता, म्हणून मूळ चकतीच्याच जाडीच्या ग्लास-इपॉक्सी पत्र्यातून नवी चकती कापली. जुनी वर ठेवून भोकं पाडली, नवे पितळी रिव्हेट लावून ठोकले, आणि प्रत्येक रिव्हेट व टोकाची पट्टी यांच्यात सोल्डर भरला, म्हणजे पुढे सैल पडला तरी करंट सोल्डरमधून जाईल. पत्तीची टोकं जाड कागद मधून ओढून साफ केली. एमरी पेपर लावला की त्याचे कण टोकांत रुततात. ग्रीस म्हणून पेट्रोलियम जेलीचा पुसट हात. तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस अशा जागी घातलं तर पुन्हा तीच वाट तयार करून दिल्यासारखं होतं.

हेडलाइटचा भार स्विचवरून काढून दोन रिलेंवर टाकला, एक डिपरला आणि एक अपरला. स्विच आणि पायाचा डिप स्विच आता फक्त रिलेची कॉइल चालवतात, ती ०.२ अँपिअरच्या आत भागते. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला पुरवठा रेग्युलेटर पेटीच्या ए-१ वरून चार स्क्वेअर मिलिमीटरच्या तारेने, प्रत्येक रिलेआधी १५ अँपिअरचा फ्यूज, पुढे दिव्यांपर्यंत अडीचची तार. बॅटरीच्या टोकावरून थेट पुरवठा घेणं सोपं पडतं, पण मूळ रचनेत दिव्यांचा भार ए-१ वर असतो आणि पेटीची जुळणी तो तिथे धरूनच केलेली असते. डायनामो जेमतेम २२ अँपिअरचा असल्याने ती जुळणी बिघडवू नये.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत रिले घेताना त्याच्या पोटात डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे का ते बघावं. साधा रिले कॉइलची ८५ आणि ८६ ही टोकं कशीही जोडली तरी चालतो. डायोडवाला मात्र नेहमीच्या आकृतीप्रमाणे जोडला की इथे उलटा पडतो, डायोड शॉर्टसारखा वागतो आणि स्विचच्या नव्या पत्तीतून पहिल्याच झटक्याला ठिणगी उडते. रेझिस्टरवाला किंवा साधा रिले घ्यावा.

साइडलाइटच्या लाल तारेला स्विचच्या लगेच पुढे दोन फ्यूज दिले, डावी बाजू एक आणि उजवी बाजू एक, दोन्ही ५ अँपिअरचे. एकच ठेवला तर तो रात्री उडाल्यावर मागचे दोन्ही दिवे एकदम जातात. मोबाइल चार्जरचं सॉकेट चावीमागच्या फ्यूजवर हलवलं.

सगळं जोडून, जंपरची तीच पद्धत वापरून मीटर अर्धा तास लावून ठेवला. ०.०० अँपिअर, मग मिलिअँपिअरच्या रेंजवर घड्याळाचा झटका सोडून काही नाही. घड्याळ असताना ही बारीक रेंज जपून वापरायची: झटका अँपिअरच्या घरातला असू शकतो आणि मीटरचा २०० किंवा ४०० मिलिअँपिअरचा फ्यूज त्यात जाऊ शकतो, म्हणून आधी घड्याळाची तार काढावी. दिवे लावून स्विचच्या पुरवठ्याच्या आणि साइडलाइटच्या टोकांत व्होल्टेज मोजलं, ०.०४ व्होल्ट. जुन्या चकतीवर हेडलाइट लावल्यावर पुरवठा आणि हेडलाइटच्या टोकांत पाऊण व्होल्ट पडत होता. हे मोजमाप स्विच न उघडता करता येतं आणि गळती सुरू होण्याच्या बरंच आधी दुखणं सांगतं. दिवे लागलेले असताना ०.३ च्या वर आकडा दिसला तर स्विच काढून बघावा. गाडी आठवडाभर उभी ठेवल्यावर बॅटरी १२.५९ व्होल्टवर होती आणि सेल्फने इंजिन पहिल्याच दमात फिरवलं.

घड्याळाचं राहिलं. ते चावी भरताना कॉइलच्या झटक्याने एक लहानसा दांडा मागे फेकतं आणि त्यानेच पॉइंट उघडतात. बॅटरी उतरली की झटका पुरत नाही, दांडा अर्ध्यावर राहतो, पॉइंट मिटलेलेच राहतात आणि कॉइल जळेपर्यंत करंट ओढत बसते. या गाडीचं घड्याळ वाचलं होतं, पण पॉइंट काळवंडले होते. बॅटरी वारंवार उतरणाऱ्या गाडीत दोष सापडेपर्यंत घड्याळाची तार काढून, टोकाला टेप मारून ठेवावी, आणि चार्जरवरून काढलेली बॅटरी १२.५ च्या वर आहे हे पाहूनच परत जोडावी.